बावीस मिलीमीटरचा बार

२९ जून १९८६
कुंता माहेरी गेली. कारण गाडी. दुसरं काही नाही.

घटना नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी तिखटमीठ लावायला नको. काल सिंदेवाहीहून ब्रह्मपुरीला परत येताना नागभीडच्या पुढे उजवं वळण आलं. गाडी डावीकडे कलली. माझा हात स्टीअरिंगवरून निसटला आणि शेजारी बसलेल्या कुंताच्या गालावर लागला. दोनदा. त्याआधी ती "गाडी हळू चालवा" म्हणाली होती, पण त्याचा इथे संबंध नाही. तीन बांगड्या फुटल्या. कुंता म्हणते, रस्ता सरळ होता. बायकांना रस्त्यातलं काही कळत नाही.

आज सकाळच्या एसटीने वडिलांकडे गेली. मी अडवलं नाही. फक्त दाराला लाथ मारली. दार आता लागत नाही.

१ जुलै
संकल्प: गाडीचं कलणं महिन्याभरात बंद करायचं. मग कुंता आपोआप परत.

मागे घरात ताट फेकलं होतं, तेही गाडीमुळेच. दिवसभर कलंडत आलं की अंगात झोल राहतो.

३ जुलै, दुपार
इसरू मिस्त्रीकडे. त्याने गाडीखाली झोपून दाखवलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकवलेला लोखंडी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगाला जायला लागली की तो पिळला जातो आणि तिला आवरतो. माझ्या गाडीतला सोळा मिलीमीटरचा. काडी!

नागपूरहून एकोणीसचा किंवा बावीसचा मागवता येतो. इसरू म्हणाला, "एकोणीसचा घ्या भाऊ. बावीसचा लई कडक. एक चाक खड्ड्यात गेलं का दोन्हीकडून दणका बसते. गाडीले थोडं तं हालू द्या."

मी बावीसचा सांगितला. आवरायचं तर पुरतं आवरायचं. तो पुन्हा एकोणीस म्हणाला. तेवढ्यात माझ्या पायाने त्याचं स्टूल उलटलं. तो स्टूलवर होता.

७ जुलै
राइस मिल. माझ्यासारख्या मॅनेजरला शांत राहून चालत नाही. एका हमालाच्या दिशेने पाच किलोचं माप फेकलं. लागलं नाही. म्हणजे राग बराच ताब्यात आला आहे.

१२ जुलै
बार आला! काय देखणा आहे. स्टँडवरून हातात घेऊन चालत निघालो. चौकात एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. हातात बार होता म्हणून त्याचा दिवा फुटला, नाहीतर नुसतं बोलून भागलं असतं. त्याने खाली उतरून मला चार ठेवून दिल्या. एक दात हलतो आहे. बारला ओरखडासुद्धा नाही.

१५ जुलै
बार बसला. इसरूने मला फाटकाबाहेर उभं राहायला सांगितलं, तरच काम करीन म्हणाला. मिस्त्री लोक लहरी असतात.

ट्रायल घेतली. वळणावर गाडी पाटासारखी सपाट. खड्ड्यात मात्र डोकं टपाला आपटलं. खाली उतरून खड्ड्याला दगड मारले. आता बरं वाटतं.

२० जुलै
सासुरवाडी. मामाजी तलावाच्या पाळीवर जाळं विणत बसले होते. मी बारचं चित्र काढून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "जवाईबापू, गाडीतलं मले काही समजत नाई. पोरीच्या गालातलं समजते."

समजत नाही हे कबूल केलं, हे चांगलं झालं. मग मीच पैज मांडली. मामाजींना ब्रह्मपुरीहून माशाचं बीज, म्हणजे तलावात सोडायची पिलं, आणायचं आहे. मडकं काठोकाठ भरून माझ्या गाडीत ठेवा. वळणावर थेंब सांडला नाही, तर कुंता माझ्यासोबत परत. कुंता आतूनच बोलली, "मडकं मी धरून बसीन." म्हणजे ती येणार!

२६ जुलै
रिकाम्या रस्त्यावर पाण्याचं मडकं ठेवून सराव. सात वळणं. थेंब नाही.

डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या. दार दुरुस्त केलं. घर खायला उठतं. तिची फार आठवण येते. हे लिहायला लाज वाटते, पण ही वही कुण्या लेकाला वाचायची आहे?

२ ऑगस्ट
उद्या. संकल्प: आवाज चढवायचा नाही. चढवायची गरजच नाही, बार आहे.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
ब्रह्मपुरीहून बीज घेऊन निघालो. कुंता शेजारी, मांडीत मडकं. मामाजी मागे. नागभीडच्या आधीचं वळण आलं. गाडी तसूभरही कलली नाही! मी दोघांकडे पाहिलं.

मग कुंता मडकं हलवायला लागली. मी म्हटलं, हलवू नको, त्याने गाडी हलते असं वाटतं. ती म्हणाली, "हालवा लागते. पाणी थांबलं का बीज मरते." मामाजीही मागून तेच म्हणाले. मी मासे धरणाऱ्या ढिवराचाच पोरगा, बापाने उभा जन्म मडकी हलवली, मला ते माहीत नाही असं नाही. पण आज प्रश्न गाडीचा होता. तीनदा सांगितलं. ती हलवतच राहिली.

मडकं फुटलं.

रस्ता सरळ होता. गाडी सपाट होती. कुंता ओल्या लुगड्यात, गालावर हात धरून बसली होती. पायाशी बोटाएवढीही नसलेली पिलं तडफडत होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "गाडी तं हालली नाई. मंग हात काऊन हालला?"

मामाजींनी दुपट्ट्यात जमेल तेवढं बीज गोळा केलं आणि रस्त्याकडेच्या पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत सोडलं. मग दोघं एसटीला हात दाखवून निघून गेले. मी खिडकीतून सॉरी म्हटलं. इंजिन चालू होतं, ऐकू गेलं नसेल.

४ ऑगस्ट
गाडीला वास सुटला आहे. बांगड्या डिकीत आहेत, एकही फुटलेली नाही.

पुढचा बार पक्का आहे, मी स्वतः खाली झोपून पाहिला. म्हणजे दोष मागच्या बाजूचा असणार. मागे बारच नाही. विचारायला इसरूकडे गेलो. मला फाटकात पाहताच तो स्टूलवरून उठून उभा राहिला.