मधला पाय बरोबर होता

४ फेब्रुवारी

हाड मोडलेलं नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून नीट पाहिला, मगच सांगितलं.

दादा सकाळी पाण्याचा पेला घ्यायला एकटाच वळला आणि पलंगावरून खाली आला. अर्धांगवायूनंतर त्याची उजवी बाजू नावालाच आहे. उशीशी घंटीचं बटण आहे. डाव्या हाताने दाबलं की स्वयंपाकघरात वाजतं. दिवसभर त्याला सांभाळायला येणाऱ्या मावशी तेव्हा तिथेच होत्या. त्यांचं म्हणणं, मी भांडी घासत होते, घंटी वाजलीच नाही.

मी म्हणालो, "मागच्या आठवड्यात मी स्वतः दुरुस्त केलीय. ती वाजते." वहिनी, शेजारी, सगळ्यांसमोर. मग दाबून दाखवली. सगळे कान देऊन उभे! वाजली. बारीक, पण वाजली.

म्हणजे मावशींना झोप लागली असणार, असं सगळ्यांनी धरलं. वहिनीने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडून होता.

५ फेब्रुवारी

मावशी पिशवी न्यायला आल्या. आत आल्या नाहीत. दादाला कुशीवर वळवताना खांद्याखाली हात कसा घालायचा, ते वहिनीला दारातूनच समजावलं. मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मी झोपले नव्हते." मी चपला शोधत राहिलो. पायातच होत्या.

६ फेब्रुवारी

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात दोन रेडिओ आले. दोन्ही आवाज करत नाहीत अशीच तक्रार.

८ फेब्रुवारी

दुपारी वहिनी दुकानात आली. कधी येत नाही. म्हणाली, "भावजी, नळ सुरू होता, मी भांडी घासत होते. सहज यांच्याकडे डोकावले तर यांचं बोट बटणावर. किती वेळ दाबत होते कोण जाणे. मला काही ऐकू आलं नाही. मग मीही झोपले होते का?"

घंटीची डबी काढून आणली. सेल उतरलाय, पण इतका नाही. मग आवाज वाढवणारा ट्रान्झिस्टर सोडवला — जुना जळाला म्हणून मी भंगाराच्या डब्यातून काढून बसवलेला. तीन पाय, अंगावरचा नंबर पुसलेला.

असल्या अनोळखी तुकड्याचे पाय ओळखायची रीत मला झोपेतही येते. आधी मीटर लावून असा पाय शोधायचा, जो बाकीच्या दोघांशीही बोलतो. तो बेस. मधला निघाला होता. तेवढं मी त्या दिवशी पाहिलं. उरलेले दोन — एमिटर आणि कलेक्टर — दिसायला सारखेच. डावीकडचा एमिटर असं धरून चाललो, कारण माझ्या हाताला येणारे बहुतेक तसेच असतात. गिऱ्हाईक दारात उभं होतं, मला घाई होती.

आज ओलं बोट लावून पाहिलं. दोन कडेच्या पायांना मीटरची टोकं, आणि बेस ते कलेक्टर ओल्या बोटाचा पूल. माझ्या समजुतीप्रमाणे धरलं — काटा जेमतेम हलला. टोकं उलटी केली, बोट दुसऱ्या पायावर नेलं — काटा झेपावला.

उलटा बसवला होता. उलटा बसवलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, हीच त्याची खोड! कुरकुरत, अर्ध्या जिवाने काम करतो. सेल नवा आणि घर शांत असलं की फसवतो. नळ सुरू असला की संपलं.

एका ओल्या बोटाचं काम. तेवढं केलं नाही आणि एका बाईला झोपाळू ठरवलं.

नीट बसवला. आता घंटी अंगणापर्यंत ऐकू येते. ऐकवत नाही.

९ फेब्रुवारी

वहिनीला सांगितलं. चादरीची घडी घालत होती, तीच मोडून पुन्हा घातली. म्हणाली, "त्यांना येऊ नका असं मी म्हटलं. पण तुमच्या शब्दावर म्हटलं. तुम्हीच जा."

गेलो. मावशी पायरीवर बसल्या होत्या. कामाचं एक घर ठरत आलं होतं, पण त्या घरच्यांनी आधीचं काम का सुटलं म्हणून चौकशी केली, आणि बोलणं तिथेच थांबलं. हे मी विचारलं म्हणून कळलं. मी सगळं सांगितलं, पायांची नावं वगळून. त्यांनी मध्येच विचारलं, "गल्लीत तुम्हाला रेडिओचे डॉक्टर म्हणतात ना?"

म्हणतात, म्हणालो.

मग म्हणाल्या, "उद्या येते. पण जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोरच मागे घ्या. शेजाऱ्यांनाही बोलवा."

हो म्हणालो.

१० फेब्रुवारी, पहाटे

दादाला आत्ता सांगितलं. तो तुकड्यातुकड्यांनी म्हणाला, "त्या दिवशी... दाबली होती. पुन्हा पुन्हा."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू... दुरुस्त केली होतीस ना."

शेजारी आठला येतील, मावशीही. दादाने वहिनीला दाढीचं सामान काढायला लावलंय. म्हणतो, आधी मी बोलणार.