डाव्या आरशातला दिवा

केंदूर,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय ईश्वर,

रामराम. तू माझा नंबर ब्लॉक केलायस म्हणून कागदावर लिहितोय. शाळेतला पत्रलेखनाचा प्रश्न सोडला तर हे माझं पहिलंच पत्र, तवा अक्षराला हसू नकोस. सिंधूमावशींचा गुडघा कसा आहे? इकडं सगळे बरे आहेत. आईला खोकला झालाय, पण तिचं रानात जाणं काही थांबत नाही. तुझी वहिनी, राजश्री, तुला सारखी विचारते. मी सांगतो, ईश्वर कामात आहे.

गेल्या रविवारी मी खुटबावला आलो होतो, ते तुला कळलं असेलच. मावशी दारातच म्हणाल्या, "ईश्वर न्हाई घरी." तुझी मोटारसायकल पडवीत उभी होती आणि तिच्यावर तुझं हेल्मेट. मावशींनी पाणी दिलं, चहा केला. मग हळूच म्हणाल्या, "सोमवारी तुमच्या कंपनीतली चौकशी संपतीया म्हणं. खराब दिवं केलं असा शिक्का बसला, तर रांजणगावात दुसरी कुठली कंपनी उभं करंल का रं त्याला?" मी खाली मान घालून चहा पीत राहिलो.

आधी गाडीचं सांगतो, तुला हसू येईल.

दसऱ्याला घेतली ती गाडी. घेताना मी राजश्रीला मोठ्या तोऱ्यात म्हणलं होतं, बाहेरच्या आरशातला हा इंडिकेटरचा दिवा आमच्या कंपनीत, आमच्या लाइनवर तयार होतो. शोरूममधल्या बाईलाही सांगून झालं. दिवाळी सरली आणि डाव्या आरशातला दिवा गेला. काचेला आतून घाम फुटल्यासारखं पाणी. शिरूरच्या सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत बदलून दिला. डिसेंबरात दव पडायला लागलं तसा परत गेला. परत वॉरंटी, परत सह्या, परत अर्धा दिवस त्यांच्या थंडगार खोलीत मशीनची कॉफी. जानेवारीत तिसऱ्यांदा! आयला, माझं टाळकंच सटकलं. काउंटरवर हात आपटून म्हणलं, "अहो, दिवा बसवता का काजवा?" तो बिचारा म्हणाला, "सर, आम्ही तरी काय करणार? स्टॉकात आलेला अख्खा बॉक्सच तसला निघतोय." मग मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "ज्या बेशरम माणसानं हा दिवा केला आणि पास केला, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा!"

परवा मंगळवारी वॉरंटीतून परत आलेल्या मालाचा ट्रे माझ्या टेबलावर आला. तुला माहीतच आहे, उघडून कारण लिहायला आपल्याकडंच येतो तो. चौथा दिवा उचलला, तर चिठ्ठीवर माझ्याच गाडीचा नंबर. तक्रार: डावा आरसा, तिसरी वेळ. मी हसलो रे. म्हणलं, या, घरचेच पाहुणे. काच सोडवायला पाना घेतला, तर काच नुसत्या अंगठ्यानं निघून आली. कडेचं पाणी अडवणारं सीलंट धरलंच नव्हतं. मग मागचा कोड वाचला. सोळा मे, पहिली पाळी, दुपारी दोन पन्नास. शेजारी तपासणाऱ्याचा शिक्का, नंबर सतरा.

ईश्वरा, सतरा माझा नंबर!

बाजूचे विचारत होते, काय झालं, काय झालं. ट्रेमधले सगळे दिवे वेड्यासारखे पालथे घातले. एकोणीस. सगळे सोळा मेचे, सगळे अडीच ते तीनच्या मधले. ज्या दिवसाच्या मालावरून तुझी चौकशी लागलीय, तोच दिवस.

आणि त्या दिवशी तू कुठं होतास? माझ्या घरी! माझ्या बहिणीच्या, सविताच्या साखरपुड्याला. मला सुट्टी नाकारली, म्हणून तू रजा न टाकता सकाळी सातलाच केंदूरला गेलास. मांडव घातलास, आचारी उशिरा आला म्हणून भाताच्या पातेल्याशी उभा राहिलास. अंगठ्याचं मशीन त्या महिन्यात बंद होतं, हजेरीची वही माझ्याकडं होती. तुझा खाडा पडू नये म्हणून तुझी हजेरी मीच लावली. लाइनवर कोण कुणाची लावत नाही? सीलंट लावायच्या चार नंबरच्या स्टेशनसमोर तुझं नाव लिहून मोकळा झालो, रोज लिहितो तसं. आता तीच वही तुझ्याविरुद्ध पुरावा झालीय.

तुझ्या जागी मी सकाळी एक ट्रेनी मुलगी बसवली होती. जेवणानंतर तिला दुसऱ्या लाइनवर नेलं आणि तिथं मी बसलो. पाहुणे पाचला यायचे होते. सव्वातीनची कंपनीची बस चुकली असती तर मी साखरपुड्याला पोचत नव्हतो. सीलंट लावल्यावर दिवा पाऊण तास रॅकवर ठेवायचा, हे सगळ्यांना दरडावून शिकवणारा मीच. शेवटचे तीन ट्रे मी माझ्या हातानं लावले, दहा मिनिटंही न ठेवता शिक्के मारले आणि पळत जाऊन बस धरली. घरी पोचलो तर तू दारात टॉवेल घेऊन उभा. म्हणालास, "तोंड धू पटकन, पाहुणे फाट्यावर आलेत."

इथवर भराभर लिहिलं. आता पुढचं अवघड आहे.

तू म्हणशील, मग चौकशीत गप का बसलास? राजश्रीला मी सांगितलं की तारीख ध्यानातच आली नाही. खोटं आहे ते. विश्वजीत साहेबांनी "सोळा मे" वाचलं, तवाच मला पातेल्याशी उभा असलेला तू दिसलास. बहिणीच्या साखरपुड्याची तारीख कोण विसरतं? खोटी हजेरी उघडी पडली तर माझी नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. मनाची समजूत घातली की त्या मुलीच्या हातून झालं असेल, कुणी ना कुणी शोधून काढेल. शेवटच्या तीन ट्रेचा विचार मी मनात येऊच दिला नाही. तवा तू माझ्याकडं बघितलंस. एकदाच. मग साहेबांना म्हणालास, "मला काही सांगायचं नाही." आणि मी साक्षीदार म्हणून तुझ्याविरुद्धच्या कागदावर सही केली.

मला वाटलं तू घाबरलास. अरे, तू मला वाचवत होतास! हे मला त्या एकोणीस दिव्यांसमोर बसल्यावर कळलं. शरमेनं मी मान वर करू शकलो नाही, दुपारचा डबा तसाच घरी आणला.

काल सगळं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं, सोबत एकोणीस दिवे. साहेबांनी वाचलं, उठून दार लावलं. म्हणाले, "महेंद्र, एक माणूस जातोय. दोन कशाला? हा कागद घरी घेऊन जा." मी म्हणलं, "साहेब, शिरूरला मी एका माणसाला समोर उभा करा म्हणून ओरडलो होतो. तो हा उभा आहे." पोच मागितली. बराच वेळ त्यांनी पेन हातात धरलं, मग दिली. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात कळवणार आहेत. घरी सांगितलं तर राजश्री रडायला लागली. आई तेवढं म्हणाली, "लई उशीर केलास रं."

पोच मिळालेल्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडलीय. सविताच्या मोबाइलमधला एक फोटोही छापून आणलाय. तू पातेल्याशी, डोक्याला टॉवेल, हातात उलथणं, मागं आमचं दार. खाली तारीख आणि वेळ आलीय: सोळा मे, दोन बावन्न. दोन्ही कागद जपून घेऊन ये.

सोमवारी नक्की ये. साहेबांनी विचारलं, कुठं होतास, तर या वेळी माझ्याकडं बघू नकोस. सरळ सांग. मावशींना हे पत्र वाचून दाखव. त्यांनी विचारलं तवा मी खाली मान घालून चहा पीत बसलो होतो, तेही त्यांना कळू दे.

गाडीत चौथा दिवा बसवलाय. त्याच बॉक्समधला असणार. मी वळताना काच खाली करून हात बाहेर काढतो.

नावाआधी 'तुझा' लिहायचं का नाही, ते सोमवारी तू सांग.

महेंद्र
शिक्का नंबर सतरा (काल जमा केला)