ओट्याच्या उंचीला गाडी

दौंड
सप्टेंबर २००३

प्रिय मोनाली,

सप्रेम जयभीम. शिरूरला तुम्ही सगळे खुशाल असाल. तुला हसू येईल, पण हे लिहिताना माझ्या नखांत काळं ग्रीस आहे. रॉकेलनं धुतलं तरी निघालं नाही.

झालं असं, की मागच्या महिन्यात तुझे आप्पा पट्टी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओटा मोजायला लागले. मला वाटलं, नवी फरशी बसवायची असेल. मग एक दिवस टेम्पोतून लोखंडी स्टँड आला. मोटारसायकल फळीवरून त्याच्यावर चढवायची, चाक अडकवायचं, दोरीनं बांधायची आणि हँडल फिरवत राहायचं. अख्खी गाडी हळूहळू वर येते, पार ओट्याएवढी. रेल्वेत फिटर म्हणून जन्म गेला, त्यामुळं वेल्डिंगवाल्याला समोर बसवून सगळं समजावून करून घेतलं. मी विचारलं, एवढी वर कशाला? तुम्हाला तर खाली बसून काम करायची सवय. तर म्हणाले, "माझ्यासाठी न्हाई. तुला गुडघ्यांमुळं खाली बसता येत न्हाई, म्हणून."

तुला तर माहीत आहे, दर रविवारी अंगणात गोणपाट टाकून बसायचे आणि आपल्याला पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. आता मी उभी आणि ते स्टुलावर. ते सांगतात, मी करते. "चेन बोटानं दाबून बघ, किती लवती?" "बोल्ट लई आवळू नको, आटा जाईल." पहिल्यांदा ऑइल सोडलं तेव्हा निम्मं माझ्या साडीवर. मी चिडले. त्यांनी फडकं पुढं केलं, पण माझ्यापासून हातभर लांब. मीच सरकून घेतलं.

गाडी हल्ली शेजारचे सुभानभाई चालवतात. आप्पा मागं बसून वडगाव रासाईला शेतावर जाऊन येतात. आल्यावर इंजिनचा आवाज ऐकून मला सांगतात, की प्लग साफ करायला झालाय. खरं सांगू? इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एवढं बोललो नव्हतो. मी नट खोलत असते आणि ते रेल्वेच्या शेडमधल्या गोष्टी सांगत असतात. मला रविवारची वाट बघावीशी वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. फोन त्यांच्या खाटेजवळ आहे, म्हणून पत्र. आप्पांना काचबिंदू झालाय. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, औषधानं उरलेली टिकवायची. डाव्या डोळ्याला अंधारच आहे. उजव्यानं नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली, आणि मी आजवर पाळली. पण काल तुझी मावसबहीण करुणा आली होती. कासुर्डीच्या लग्नात आप्पा तुझ्या शेजारून गेले आणि वळूनही बघितलं नाही, म्हणून तू माहेरी यायचं सोडलंस, असं तिच्याकडून कळलं. पोरी, त्यांनी तोंड फिरवलं नाही गं. तू त्यांच्या डाव्या अंगाला उभी असशील. मी बायकांत अडकले होते, नाहीतर हाताला धरून तुझ्यापाशी आणलं असतं. परत येताना एसटीत ते मला म्हणाले, "मोनाली आली न्हवती व्हय? मी लई वाट बघितली." तू ये. आल्या आल्या फाटकातूनच त्यांना हाक मार, आणि मग अगदी समोर जाऊन उभी राहा.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई