मासा गेला तो हातच्या एकापायी

क्रॉबेक, लँकशायर
रविवार, जेवण झाल्यावर

आदरणीय मेहुणे डग्लस यांस,

सिरिलचा मनापासून नमस्कार. तुमची कंबर, वहिनींचा खोकला आणि तुमच्या कोंबड्या ही तिन्ही मंडळी कॅनडाच्या थंडीत टिकून असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत (मार्जरीचा गुडघा सोडून, पण त्याच्यावर ती स्वतंत्र पत्र लिहिणार आहे). सगळ्यात आधी वाढदिवसाचं अभिनंदन. तुमचा जन्म सत्तावीस सालचा आणि हे एक्याण्णव, म्हणजे चौऱ्याहत्तरी झाली. हे मी बुटाची नाडी बांधता बांधता तोंडी काढलं, कागद नाही की पेन्सिल नाही. गेल्या फोटोत तुम्ही छपरावर चढून बर्फ ओढताना दिसता. ते बघून मी मार्जरीला म्हटलं, या वयात हे म्हणजे कॅनडाचं पाणीच वेगळं असणार.

आता कामाचं. तुमच्या वडिलांचा मासा गेला. उभे असाल तर बसा.

तोच तो कालव्यातला पाईक मासा, काचेच्या पेटीत पेंढा भरून ठेवलेला, एक डोळा जरा बाहेर आलेला. वॉल्टरसाहेबांनी (देव त्यांना शांती देवो) तो पकडला आणि मग एका रंगलेल्या संध्याकाळी ‘नांगर’ पबवाल्यांशी पैज मारून बसले, की दर हिवाळ्यात त्यांच्याशी आपल्या ‘लंगडं बदक’ पबची डार्टची लढत व्हावी आणि जो जिंकेल त्याच्या भिंतीवर हा मासा राहावा. तेव्हापासून तो आपल्या भिंतीवरून हलला नव्हता. सासूबाई दर रविवारी त्याच्या खालच्या खुर्चीत बसून काळ्या बिअरचा अर्धा ग्लास घेतात आणि वॉल्टरसाहेबांना आठवड्याच्या बातम्या सांगतात. थडग्यापाशी जात नाहीत. म्हणतात, तिथे बसायला जागा नाही आणि तिथे तो ऐकतही नाही.

डार्ट तुम्हाला कधी कळलं नाही (तुमच्याच लग्नात मी दोनदा समजावलं होतं), म्हणून पुन्हा सांगतो. पाचशे एकपासून सुरुवात, एका पाळीला तीन बाण, मिळतील ते गुण वजा करत जायचे आणि नेमकं शून्य गाठायचं, तेही शेवटचा बाण बाहेरच्या बारीक कड्यात मारून, जिथे आकडा दुप्पट होतो. उरलेल्यापेक्षा जास्त मारलेत तर पाळी फुकट. बोर्डाजवळ पाटी आणि खडू घेऊन एक माणूस उभा असतो, वजाबाकी त्याची. किती उरले ते त्याने सांगावं, कुठे मारायचं ते सांगू नये, आणि ज्याच्या हातात खडू नाही त्याने तर आकडा तोंडातूनही काढू नये. हे नियम आमच्याकडे दहा आज्ञांच्या पाठोपाठ येतात. आपल्याकडचा खडू सासूबाईंचा. बाण बोर्डात रुतायच्या आत आकडा पाटीवर, आणि वर एक शेरा. ‘गॉर्डन, तुझा बाणही गळतोय रे.’ (गॉर्डन प्लंबर आहे, आणि आपला सगळ्यात भरवशाचा गडी.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी एक जॅक आणि उसनी सायकल एवढ्यावर टायरचं दुकान उभं केलं. वर आलेल्या माणसाला गावाला काहीतरी द्यावंसं वाटतं. मी पबला गुण मोजायचं यंत्र दिलं. बटणं दाबा, लाल दिव्यांत उरलेला आकडा हजर, जिंकलात की भोंगा, आणि वर ‘थॉर्नली टायर्स’ ठळक अक्षरांत. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, किती उभं करायचं त्यांना, म्हणून त्यांचा सत्कार करून गुलदस्ता दिला. त्यांनी फुलं हुंगली, ‘टायरवाल्या, पंक्चर झालं की कळव,’ एवढंच म्हणाल्या आणि माशाखाली बोर्डाकडे पाठ करून बसल्या. माझे कान कसे आहेत ते तुम्ही जाणता. माशाच्या काचेत बोर्ड बघून, यंत्राने टूं करायच्या आधी त्या ग्लासात आकडा पुटपुटायच्या, आणि तो दरवेळी बरोबर असायचा. पण तो फक्त मला ऐकू यायचा, आणि मी तर यंत्राचा दाता.

यंत्राने पबाचं डोकं पार हलकं केलं. डॉमिनोवाले बेरजेला यंत्रापाशी रांग लावू लागले. ब्रेंडाबाई (पबची मालकीण) निम्म्या केकचं पीठही त्याच्यावर काढू लागल्या. गॉर्डनला कुणीतरी विचारलं, नातवंडं किती, तर त्याने आधी लाल दिव्यांकडे बघितलं.

अशात लढतीची संध्याकाळ आली. ‘नांगर’चा कप्तान प्रॉक्टर. त्याचा धंदा अंत्यविधीचा, त्यामुळे हात मिळवतानाही तो आपली लांबी मोजतोय असं वाटतं. सामना बरोबरीत येऊन शेवटच्या डावावर ठेपला, दोघंही जिंकायच्या टप्प्यात, गॉर्डनचे एकशे एकवीस उरलेले. तेवढ्यात प्रॉक्टरने शांतपणे हात वर केला. म्हणाला, ‘थॉर्नली, तुमचं यंत्र खाली बारीक अक्षरांत कुठे मारायचं तेही सांगतंय.’ आम्ही बघितलं. खरंच सांगत होतं. (सगळा हंगामभर सांगत होतं, आणि तो पठ्ठ्या शेवटच्या डावापर्यंत थांबला होता. त्या धंद्यात घाई नसतेच.) नियम तो नियम. प्रॉक्टरने स्वतः जाऊन प्लग काढला, मेलेल्या माणसाच्या पापण्या मिटाव्यात तितक्या हळुवार.

लाल दिवे गेले आणि पबात कुणी कुणाकडे बघेना. खडू कोण घेणार? ब्रेंडाबाई ग्लास पुसू लागल्या. तो आधीच कोरडा होता. मी सासूबाईंकडे पाहिलं, तर पाठ. ज्या बाईला गुलदस्ता दिला तिच्यापुढे जाऊन हात पसरायचा? मी स्वतःच खडू उचलला. गॉर्डनने साठ, वीस आणि पाच मारले. पंच्याऐंशी. एकशे एकवीसमधून पंच्याऐंशी. मी कान टवकारले, पण माशाखालून काही पुटपुट येईना. सगळा गाव बघतोय, टायर विकता विकता हयात गेली, मी अकरातून पाच काढले, सहा, बारातून आठ काढले, चार, आणि ऐटीत शेहेचाळीस लिहिले.

प्रॉक्टर चुकला. गॉर्डन उभा राहिला, पहिला बाण सहात, दुसरा विसाच्या कड्यात, म्हणजे चाळीस. शेहेचाळीस पुरे. लोकांनी गॉर्डनला उचललं, मला उचलता येईना म्हणून मला नुसतं हलवलं. त्या गोंधळात ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

‘छत्तीस होते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हातचा घेतलास, पण परत दिला नाहीस.’

गॉर्डनला खाली ठेवलं. मी कुजबुजलो, आधी नाही का बोलायचं?

‘माझ्या हातात खडू होता का? फुलं होती.’

मग निदान आता तरी गप्प बसायचं होतं, मासा राहिला असता, असं ब्रेंडाबाई म्हणाल्या. त्यावर सासूबाई उठल्या, माशाच्या काचेवरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाल्या, ‘वॉल्टर चुकीच्या वजाबाकीवर टांगून घ्यायचा नाही. रात्रभर मला बोलत बसेल.’

गॉर्डनची पाळी फुकट गेली. प्रॉक्टरने उरलेले सोळा एका बाणात संपवले, आणि मासा पेटीसकट त्याच्या काळ्या गाडीतून गेला. मागून सगळं ‘लंगडं बदक’ टोपी काढून उभं होतं.

मार्जरीचा व माझा वहिनींना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

तुमचा,
सिरिल

ता. क. सासूबाई आता दर रविवारी ‘नांगर’मध्ये जातात. मासा तिथे, म्हणून त्या तिथे. प्रॉक्टरने त्याच्याखाली गादीची खुर्ची ठेवली आणि हातात खडू दिला. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात त्या आपल्याच विरुद्ध उभ्या राहणार. मी माफी मागून पाहिली, त्यांनी मला सतराचा पाढा म्हणायला लावला. तुम्ही एकुलते एक चिरंजीव, तुमचं त्या ऐकतील. तेवढं एक पत्र टाका, की वडिलांना ‘नांगर’ची बिअर कधी सोसली नाही. (सोसायची. मी साक्षीला होतो. पण लिहा.)

ता. क. दुसरा. वाढदिवसाची भेट म्हणून एक पार्सल बोटीने पाठवलं आहे. अंडी मोजायला उत्तम. जास्त अंडी निघाली तर भोंगा वाजतो, कोंबड्यांना आधी कल्पना द्यावी. वर माझ्या दुकानाचं नाव आहे, ते खरवडून निघत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत मार्जरीने हे पत्र वाचलं, आणि नेऊन सासूबाईंनाही वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, डग्लस चौसष्टचा आहे, मला दहाव्या वर्षी मूल झालेलं नाही. सोबतच्या वाढदिवसाच्या कार्डावर चौऱ्याहत्तर छापून आलेलं आहे, तरी ते जपून ठेवावं. त्यांनी असंही सांगितलं आहे, की ते कार्ड ज्या दिवशी खरं ठरेल त्या दिवशी त्या ‘लंगडं बदक’मध्ये परत येतील. त्या तेव्हा किती वर्षांच्या असतील, ते मी काढायला बसलो होतो, पण मार्जरीने हातातून पेन काढून