वैनी, तुझ्या खोकल्याचा निकाल लागला

प्रिय वैनी,

सगळं जग आईला आई म्हणतं आणि मी तुला वैनी. घरातले तिघं काका दिवसभर तुला वैनी वैनी करायचे, त्यांचं ऐकून मी पण तेच धरलं आणि तू कधी बदलायला सांगितलं न्हाईस. मग आता पत्रात तरी कशाला बदलू?

तू जाऊन अकरा महिने झाले. होतीस तवा एक ओळ लिवली न्हाय मी तुला. नववीत शाळा सोडलेला माणूस पत्रं कुठं लिवतोय? फोनवर सुद्धा "जेवलीस का, बरं, ठेवतो" एवढ्यात माझं संपायचं. मग आजच काय झालं? झालं असं की काल दुपारी वकीलबाईंचा फोन आला, आणि तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळंना.

वैनी, निकाल लागला. आपल्या बाजूनं लागला!

मी तवा इथं राजस्थानच्या माळावर सोलरच्या प्लेटा पुसत होतो. हातातला दांडा टाकला आणि दोन रांगांच्या मधी असा नाचलो की मुकादम पळत आला. त्याला वाटलं साप चावला. इथं मला कुणी नावानं हाक मारत न्हाय, 'कोल्हापूर' म्हणतात. "क्या हुआ कोल्हापूर?" म्हणून त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी म्हटलं, मेरी वैनी जीत गयी. त्याला वाटलं तू कुठल्या निवडणुकीला उभी होतीस. मिठाई मागायला लागला. आणली की मग, सगळ्या लाईनीला वाटली.

निकालाचा कागद बाईंनी मोबाईलवर पाठवला. लई पानं हाईत. मी बोट ठेवत ठेवत वाचली. निम्मं डोक्यावरून गेलं, पण एक वाक्य पाठ झालंय. 'मयत शेवंता हिला जडलेला फुफ्फुसाचा आजार हा तिने बुरशी आलेल्या बगॅसवर केलेल्या कामामुळेच उद्भवला आहे.' भरपाई पण मंजूर झालीय. पण तू ज्याच्यासाठी भांडत होतीस ते हे एवढं एक वाक्य, व्हय की न्हाय?

तो ढीग मला अजून दिसतोय. गगनबावड्याच्या रस्त्याला पुठ्ठ्याचा कारखाना, त्याच्या मागं उघड्यावर पडलेला बगॅस. साखर कारखान्यात रस काढून राहिलेला उसाचा भुसा तो, पण ढीग तीन मजली. आपल्याकडचा पाऊस त्याच्यावर चार महिने पडायचा. वरनं काळा, आतनं गरम. तुम्ही अकरा बायका दाताळ्यानं तो उकरून पट्ट्यावर टाकायचा. तोंडाला पदर आणि गालात गुळाचा खडा, घशातली धूळ खाली जायला. दुसरं औषध तुम्हाला कुणी दिलंच न्हाय.

एकदा फोनवर तू म्हणालतीस, "आतला भुसा बुरसलाय रं. उकरला की चुन्यागत पांढरं उडतंय." मी काय म्हणालो आठवतंय? म्हणालो, बरं हाय की, पावडर फुकट लावाय मिळतीय. तू हसलीस. हसता हसता खोकलीस, आणि "रेंज गेली बग" म्हणून फोन लांब धरलास. मला वाटायचं आपल्या गावात रेंजच येत न्हाय. खोकला आला की फोन लांब धरायचीस ते मला तू गेल्यावर तुमच्या अकराजणींतल्या हौसाकाकूनं सांगितलं. असं फसवतंय व्हय कुणी आपल्याच पोराला?

मग टीबी. खोकला, ताप, वजन उतरलेलं, म्हणून पहिल्या डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या लावल्या. सहा महिने खाल्ल्यास. फरक शून्य. पण गावात बोभाटा झाला. हळदीकुंकवाला तुझा कप वेगळा ठेवायला लागले. माझी जमत आलेली सोयरीक पण त्यातच मोडली. खरं सांगू? मला सुटल्यागत झालतं. त्या आधी शिरोलीच्या फौंड्रीत चार महिने, मग ट्रकवर, मग गोव्यात हॉटेलात, माझं बूड एका जागी टेकत नव्हतं, लग्न कुठं करतोय! पण तू ते मनाला लावून घेतलंस. "माझ्यामुळं पोराचं मोडलं" म्हणून दोन दिवस जेवली न्हाईस म्हणं. आणि तवाच ठरवलंस की हे टीबी न्हाय, आणि तसं कुणीतरी कागदावर लिवून द्यायलाच पायजे.

कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यातला तो तरणा डॉक्टर भेटला नसता तर? त्यानं पहिल्यांदा तुला इचारलं, मावशी, काम काय करता? इतक्या डॉक्टरांत ते कुणी इचारलंच नव्हतं. तू सांगितलंस, तसं तो म्हणाला, पुढच्या खेपेला त्यातला मूठभर भुसा पिशवीत बांधून आणा. आणि तू काय केलंस? पोतं भरून नेलंस! गावाकडनं येणारं माणूस डॉक्टरकडं मूठभर काय घेऊन जाईल, असं तुला वाटलं. एस्टीत कंडक्टर म्हणाला, "ह्याचं लगेज पडंल मावशी. काय हाय ह्यात?" तू म्हणालीस, "माझा रोग हाय. त्याचं बी तिकीट काढतोस?" सगळी गाडी हसली म्हणं. हे मला हौसाकाकूनं इतक्यांदा सांगितलंय की आता मी पण त्या गाडीत होतो असंच वाटतंय.

डॉक्टरनं ते पोतं दारातनंच परत फिरवलं आणि एक चिमूट डबीत घेतली. मग छातीचा फोटो काढला, तपासण्या केल्या आणि सांगितलं की टीबी न्हाय, ही ओल्या भुशाची बुरशी छातीत गेलीय, आणि ह्या रोगाला नाव सुद्धा बगॅसवरनंच पडलंय. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याच्या यादीत हा रोग नावानिशी हाय, कामावर झाला तर भरपाई मागता येती. तू त्याच दिवशी अंगठा न्हाय, सही केलीस. रात्रशाळेत शिकलेली सही, वाकडी तिकडी, पण सही.

तवा मी काय म्हणालो? "सोड की वैनी, कशाला कोर्टकचेरी, मोठ्या लोकांशी कोण भांडतंय." हे मी म्हणालो. तुझा पोरगा. ते मला आजपण टोचतंय.

कारखान्याचं उत्तर आलं की ही बाई आमच्याकडं कामालाच नव्हती. यार्डात बायका न्हाईतच, सगळं मशीन करतंय. आणि खोकला म्हणाल तर ती मिसरी लावती, तंबाखू भाजून दातं घासती, त्यानं झाला असंल. मिसरी! वकीलबाईंनी तुला इचारलं तर तू म्हणालीस, "लावती की. पण दाताला लावती, छातीला न्हाय."

आणि तारखा पडत असतानाच तू गेलीस. मी रेल्वेत होतो. पोचलो तवा सगळं उरकलं होतं.

दिवस झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या, आता वारस म्हणून तुला उभं राहावं लागंल. दाव्यात तुझ्या जागी माझं नाव लागलं आणि मी परत इकडं आलो. पुढं, तुम्हा बायकांना यार्डात कामाला लावणाऱ्या ठेकेदाराच्या साक्षीची तारीख पडली तवा रजा काढून गावी गेलो. पण बाईंनी खरं ते सांगितलं. डॉक्टरचा कागद पक्का हाय, पण तू तिथं कामाला होतीस ह्याचा पुरावा न्हाय. हजेरी ठेकेदाराकडं, आणि तो म्हणतोय ओळखत न्हाय. बाकीच्या दहा बायकांना दम भरलेला, साक्षीला गेला तर काम बंद. मी पिशवी भरली होती. म्हटलं, साक्षीची काय वाट बघायची, हरणारच हाय. उद्या सकाळच्या गाडीनं जातो.

सकाळी आंघोळीला पाणी तापवायला शेणी काढाय गेलो. शेणीवरचा फ्लेक्स उचलला, आणि वैनी, तू माझ्याकडं बघून हसत होतीस.

आठवलं का? ठेकेदाराच्या चाळीसाव्या वाढदिवसाचा फ्लेक्स! गॉगल लावलेला तो, मागं वाघ, वर शुभेच्छांचा पाऊस, आणि खाली तुम्हा अकरा जणींचे फोटो. 'शुभेच्छुक : बगॅस यार्ड महिला कामगार.' आणि मधोमध त्या ढिगावर उभा राहून काढलेला मोठा फोटो, तू त्याला केक भरवतीयास. वाढदिवस झाला, आठ दिवसांनी फ्लेक्स उतरवला, आणि तू तो शेणी झाकायला मागून आणलास. त्याचं तोंड आतल्या बाजूला केलंस, रोज कोण बघंल ह्याला म्हणून. त्यामुळंच ऊन पाऊस न लागता चित्र जसंच्या तसं राहिलं. मला रडू आलं, पण त्याच्या आधी हसू आलं.

कोर्टात तो मावंना. एक टोक मी धरलं, एक शिपायानं, शेणीचा वास सगळीकडं. ठेकेदार आधी सांगून बसलेला की असल्या कुठल्या बाईला मी बघितलेलंच न्हाय. पण स्वतःचा फ्लेक्स बघितला आणि गडी खुलला. आपल्याकडं माणूस आपल्या फ्लेक्सपुढं सगळं विसरतंय. वकीलबाईंनी गोड आवाजात इचारलं, "छान आहे हो. कधीचा हा?"

"चाळीसावा. पाच गावांत लावलता."

"आणि ह्या बायका कोण?"

"आमच्याच की. यार्डातल्या."

"केक भरवतीय ती?"

"ती शेवंताबाई. लई बोलकी बाई," असं म्हणून गेला.

त्याचा वकील उठून म्हणाला की फ्लेक्सवर सौ. शेवंता लिहिलंय आणि दावा करणारी बाई विधवा होती, म्हणजे ही दुसरी. तसं जजसाहेबांनी ठेकेदाराकडं बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, छापणाऱ्यानं सगळ्यांनाच सौ. लावलं, साहेब. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटतं हसत होते.

काय गं, त्याला केक भरवलास आणि मला वाढदिवसाला नुसता फोन? जाऊ दे. तो केक आपल्याला लई कामाला आला.

काल निकाल कळल्यावर दहाजणी कोल्हापुरात गेल्या आणि मला व्हिडिओ कॉल लावला. समोर कॉकटेल आईस्क्रीमचे ग्लास, त्यात फळं, जेली, वर काय काय. थंड खायचं न्हाय म्हणून डॉक्टरनं सांगितलेलं, तरी खात होत्या. हौसाकाकू म्हणाली, "घरात सांगणार हाय, आज आम्ही कॉकटेल घेतलं." सगळ्या खदाखदा हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि कुणीच फोन लांब धरला न्हाय. एक ग्लास तुझ्या नावाचा मागवलता. शेवटी वितळायला लागल्यावर तिघींनी वाटून घेतला.

आता हौसाकाकूनं पण अर्ज करायचा ठरवलंय. तिला तुझ्याइतका दम लागतो. तिचा पोरगा त्याच कारखान्यात हाय, तो भितोय, बरोबर येणार न्हाय म्हणतोय. बाकीच्या म्हणतात, आधी हौसाबाईचं बघू, मग आमचं.

फोन ठेवायच्या आधी वकीलबाईंनी मला एक सांगितलं. पहिल्या तारखेला तू एकटी आलतीस. कोर्टाच्या जिन्यात तीनदा बसलीस, आणि बाई खाली बघायला आल्या तर म्हणालीस, काय न्हाय, इमारत बघतीया, लई भारी बांधलीय. वैनी, मी तवा कुठं होतो? गोव्यात. रजा मिळत होती, मी मागितलीच न्हाय.

म्हणून आज मुकादमाला सांगितलंय. काकूच्या पहिल्या तारखेला मी येणार, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला. माझ्या पायाला भिंगरी हाय, हे तुला कशाला सांगू? पण तुला शब्द देतो. जिन्यात काकू जितक्यांदा बसंल तितक्यांदा मी तिच्या शेजारी बसणार. चल लवकर, असं म्हणणार न्हाय. तिचा दम खाली बसला की मग पुढची पायरी.

तुझाच,
संत्या