नव्या घराची चटई

नाइसौरा, ३ मार्च

चि. उनाइसी हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, म्हणजे समुद्र अजून चुलीपर्यंतच येतो. गाव डोंगरावर हलवायचं नक्की झालं, घरंही उभी राहिली. सभेने ती पुरुषांच्या नावांवर वाटली. आम्हा तिघी विधवांनी आपापल्या दिराकडे राहावं असं ठरलं. तेविता भावजींनी मला स्वयंपाकघरामागची जागा दाखवली आणि वारा छान येतो म्हणाले. येतोच, म्हणून तर बकऱ्या तिथे बसतात. माझे सायरुसी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून माझी चूल मी कुणाला विचारून पेटवलेली नाही, आणि आता विचारायची नाही.

सभेत बायकांनी बोलायचं नसतं, म्हणून आम्ही बोललो नाही. महिला मंडळात मात्र ठरवलं, आम्हाला घरं मिळेपर्यंत एकाही नव्या घरासाठी चटई विणायची नाही. केतकीची पानं सुकून पडली आहेत, पडोत. आपल्यात चटई अंथरल्याशिवाय नव्या घरात राहायला जातं कोण?

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ताई, वासिती

सुवा, १६ मार्च

ती. ताईस उनाइसीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजीने जेवण गेलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर, तेही पाणी चुलीपर्यंत आलेलं असताना! माझ्या दोन खोल्यांत तुला जागा आहे, ये. येणार नाहीस, ठाऊक आहे. हट्टात तू आईची, नाकात बाबांची.

एक विचारते. उद्या कुणी गेलं तर मयताला चटया द्याव्याच लागतात. तेव्हा काय करणार तुम्ही?

माया असू दे.
तुझी, उनाइसी

नाइसौरा, ९ एप्रिल

चि. उनाइसी हिस आशीर्वाद.

तुझी जीभ काळी आहे गं. आमच्या रातूंची, म्हणजे गावप्रमुखांची बायको गेली. जुनी दफनभूमी समुद्राने गिळली, म्हणून तिची कबर डोंगरावर खणली, तिथली पहिलीच. मंडळात वाद झाला, पण चटया दिल्या. त्या बाईने कुणाचं काय वाकडं केलं होतं? मी माझी लग्नातली दिली, लोकरीच्या झालरीची.

रीतीप्रमाणे बायका आत मयताजवळ, पुरुष बाहेर. रातू तिच्यापाशी बसायला आत आले. तिथे बायकांना बोलायची बंदी नाही. मी म्हटलं, "रातू, या गेल्या तेव्हा यांना डोंगरावर स्वतःची जागा मिळाली. आम्ही तिघी जिवंत आहोत, हेच चुकलं का?"

ते रडत होते. मलाही रडू आलं, लाजही वाटली, पण शब्द मागे घेतले नाहीत. बाहेर भावजी म्हणत होते, वहिनीला माहेरी धाडा. दुखवटा संपला की सभा आहे.

आठवण ठेव.
वासिती

सुवा, २० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, मयताच्या घरात असं बोलतात का? मी घाबरले आहे. तुला घेऊन यायला बोटीचं तिकीट काढते. खरं सांगू, अभिमानही वाटला.

उनाइसी

नाइसौरा, ६ मे

चि. उनाइसी हिस आशीर्वाद.

सभा झाली. रातूंनी तिघींना घरं दिली, पण माझं लिहिलं सायरुसींच्या नावाने. मी निरोप धाडला की त्यांना त्यांची जागा केव्हाच मिळाली आहे, घर मला हवं आहे. मंडळ माझ्यामागे उभं राहिलं, चटया थांबल्याच. भावजी इरेला पेटून नव्या घरी कोऱ्या सिमेंटवर झोपायला गेले आणि पाठ धरून खाली आले. मग रातूंनी नाव बदललं. माझं आहे.

आता विणायला हात कमी पडतात. त्याच तिकिटावर तू ये. येताना मानाच्या पेयासाठी कावाची मुळी आण, पाहुण्याने ती घराच्या धन्यापुढे ठेवायची असते. या खेपेला भावजींपुढे नको, माझ्यापुढे ठेव. ती स्वीकारताना काय म्हणायचं ते मला येत नाही, आजवर बाईला लागलंच नव्हतं. पाठ करते आहे.

वाट पाहते.
तुझी ताई, वासिती