समोरची खोली वन्संना, पण माझ्यानंतर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, परिचारिका महाविद्यालयातून निवृत्त झालेली शरीरक्रियाशास्त्राची अध्यापिका, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि सकाळचा नाश्ता नीट चावून खाल्ल्यावर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मी माझ्या हृदयाचा आलेखही (ईसीजी) जोडला आहे. तो मृत्युपत्राला जोडायची रीत नाही, परंतु त्याचे प्रयोजन पाचव्या कलमात कळेल. असे कागद लिहिताना माणसाने गंभीर असावे, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. मी प्रयत्न करीन, पण मला फार आनंद झालेला आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते दुमजली घर सासऱ्यांकडून माझ्या यजमानांकडे आणि त्यांच्या पश्चात माझ्याकडे आले. वरच्या मजल्यावरील रस्त्याकडची खोली वगळून हे सर्व घर, तसेच बँकेतील ठेवी, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळाव्यात. तिने आणि जावयांनी जिना दुरुस्त करून घ्यावा. तिसरी पायरी मी गेली कित्येक वर्षे ओलांडून जाते, कारण सुताराशी माझे भांडण आहे. ते भांडण मी वारसाहक्काने कोणाला देत नाही.

कलम २. तळमजल्यावरील दुकानात बेकरी आहे. बेकरीवाल्याला तो स्वतः म्हणेपर्यंत कोणी उठवू नये. याला कारण आहे, आणि ते मी सविस्तर लिहिते.

यजमानांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा रुग्णालयाने घरी सोडताना आहाराचा छापील कागद दिला. त्यावर ऑलिव्हचे तेल होते, अक्रोड होते, थंड समुद्रातला कुठलासा मासा होता. मी तो कागद घेऊन बाजारभर हिंडले. भाजीवाली म्हणाली, "बाई, हे खाऊन बरं होण्यापेक्षा आजार स्वस्त पडेल." मी घरी आले, कागद उलटा केला आणि स्वतःला विचारले की या प्रत्येक नावामागे शरीराला नेमके काय हवे आहे. उत्तरे साधी होती. चोथा हवा, तर सालासकट कडधान्ये, ज्वारी, बाजरी, कोबी, गाजर आहेत. चांगला स्निग्धांश हवा, तर मूठभर बिनखारवलेले शेंगदाणे आहेत. मासा हवा, तर बाजारात सर्वांत स्वस्त असलेले बोटभर लांबीचे मासे आहेत. तेलकट म्हणून लोक त्यांना नावे ठेवतात, पण त्यांतले तेल तेच आहे ज्यासाठी परदेशी माशाचा उदोउदो होतो. त्या क्षणी मला झालेला आनंद मी पुढे प्रत्येक वर्गात सांगितला, आणि मुलींनी तो दरवर्षी सोसला.

अडले ते पावापाशी. मीठ जेवढे ताटात दिसते त्याहून अधिक ते पावात, बिस्किटात आणि पाकिटातल्या खाण्यात लपलेले असते. मी खाली जाऊन बेकरीवाल्याला अख्ख्या धान्याचा, अर्ध्या मिठाचा पाव करायला सांगितले.

"बाई, मीठ काढलं की पीठ चेकाळतं," तो म्हणाला. "भसाभसा फुगतं आणि मग बसतं."

"कारण मीठ यीस्टला आवर घालतं. तुम्ही यीस्टही कमी करा आणि पीठ थंड जागी ठेवा."

"म्हणजे मी जे म्हणालो तेच ना?"

तेच होते. तो पाव आज हृदयविभागातून घरी गेलेली किती तरी माणसे नेतात. एवढ्यासाठी त्याचे दुकान राहावे.

कलम ३. चार कप्प्यांत उघडणारी हृदयाची प्रतिकृती, तसेच सायकलचा पंप आणि रबरी नळी महाविद्यालयास द्यावी. नळीत पाणी भरून ती चिमटली की पंप मारणाऱ्या हाताला रक्तदाब म्हणजे काय ते कळते. शिकवणाऱ्याने पंप स्वतः मारू नये, विद्यार्थिनीला मारू द्यावा. हात दुखल्याखेरीज हृदयाची दया येत नाही.

कलम ४. प्रेशर कुकर, मोड आणण्याची सुती फडकी, मापाची खूण केलेली तेलाची बाटली आणि मिठाची लहान डबी मुलीला मिळावी. या वस्तूंबरोबर त्यांची वापरण्याची पद्धतही मी देत आहे. नुसती डबी घेतली तर ती टिकल्या ठेवायच्या कामाची आहे.

सकाळी माणशी चहाचा एक सपाट चमचा, आणि डॉक्टरांनी त्याहून कमी सांगितले असल्यास तेवढेच, मीठ डबीत काढावे. दिवसभराचा स्वयंपाक त्यातूनच करावा; पाव किंवा लोणचे खाल्ले तर तेवढे डबीतून आधीच कमी करावे. मीठ शिजताना न घालता उतरवल्यावर घालावे, म्हणजे ते जिभेला आधी भेटते आणि थोडेही पुरते. लिंबू, भाजलेला लसूण आणि मिरी यांना कामाला लावावे. जिभेला काही आठवडे द्यावेत, ती शिकते. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर बाटलीत भरावे आणि बाटली संपली की महिना संपेपर्यंत वाफेवर शिजवावे. तळलेले तेल पुन्हा तापवू नये. लसूण खातो म्हणून कोणी गोळ्या बंद करू नयेत. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर पालेभाजी रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावी आणि ते डॉक्टरांना सांगावे. बाजारातले 'कमी सोडियमचे' मीठ विचारल्याशिवाय आणू नये. मूत्रपिंड कमजोर असल्यास ते घातक ठरू शकते.

मुलगी हे वाचताना म्हणेल, "आई, मृत्युपत्रातसुद्धा?" होय, मृत्युपत्रातसुद्धा. इथे मध्येच उठून जाता येत नाही.

कलम ५. आता रस्त्याकडची खोली.

ही खोली माझ्या नणंदेची होती. मी लग्न होऊन या घरात आले आणि त्यांना मागच्या खोलीत जावे लागले. तेव्हापासून वन्सं माझ्याशी बोलतात, पण खिडकीकडे बघून. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाल्यामुळे त्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि कुठलेही वाक्य एकदा ऐकले की विसरता येत नाही.

यजमान रुग्णालयात असताना त्या उशीखाली लोणच्याची बाटली ठेवून गेल्या. मी ती काढली. दुसऱ्या दिवशी खारे दाणे आले. "माझ्या भावाला तू गवत घालतेस," त्या म्हणाल्या. ते गवत खाऊन यजमान पुढे चौदा वर्षे जगले, जिना चढले, नातीला खांद्यावर घेऊन फिरले. अखेर न्यूमोनियाने गेले. वन्सं आजही लोकांना सांगतात की दादा अळणी जेवणाने गेला. या दस्तऐवजात मी स्पष्ट नोंदवते की तो न्यूमोनिया होता.

गेल्या हिवाळ्यात वन्संना एका सकाळी छातीत जडपणा आला, जबडा दुखू लागला, घाम फुटला. "गॅस झालाय," म्हणत त्यांनी खाण्याचा सोडा पाण्यात ढवळून प्यायला. गॅस झाला की सोडा, हा त्यांचा अनेक वर्षांचा उपाय. मी त्यांना तशाच उचलून रुग्णालयात नेले. झटकाच होता. वेळेत पोहोचलो म्हणून त्या आज मागच्या खोलीत आहेत, माझ्याकडे, आणि माझ्या हातचे काही खायला तयार नाहीत. पायांवर सूज आहे. मीठ पाणी धरून ठेवते, वाढलेले पाणी दुबळ्या हृदयाला ढकलावे लागते, हे मी पंप आणून दाखवले. सोडा म्हणजेही सोडियमच, हेही सांगितले.

"सत्तरी गाठली मी," त्या म्हणाल्या. "आता कुणासाठी जगायचं ते सांग, मग तुझं पाणचट वाढ."

इतकी वर्षे शिकवले, पण 'कुणासाठी' हा प्रश्न कोणत्याही पुस्तकात सोडवलेला नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की असेच चालले तर दुसरा झटका फार लांब नाही.

मग परवा वकीलबाईंकडे गेले. घराचे काय करायचे ते बोलताना त्या सहज म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, ज्याला द्याल तो तुमच्यानंतर हयात असायला हवा. तुमच्या आधी गेला, तर ते देणं संपलं." मी खुर्चीतून उठलेच. त्यांना वाटले मला काही होतेय.

तर मी असे लिहून ठेवते की रस्त्याकडची खोली, तिच्या खिडकीसह आणि खिडकीतल्या कट्ट्यासह, माझ्या नणंदेला तिच्या हयातीपर्यंत निर्वेधपणे वापरण्यास मिळावी, मात्र ती माझ्यानंतर हयात असल्यास. त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत. माझ्या हृदयाचा आलेख जोडलेला आहे. तो त्यांनी कोणाकडूनही वाचून घ्यावा. मी रोज चालते, वेळेवर झोपते आणि लवकर मरून कोणाची सोय करण्याचा माझा इरादा नाही. वन्सं आधी गेल्यास खोली जावयांना मिळावी. ते तिथे आपली व्यायामाची सायकल ठेवतील, जिच्यावर ते कपडे वाळत घालतात.

कलम ६. पुरवणी, त्याच दिवशी, जेवणाआधी लिहिलेली.

साक्षीदार म्हणून मी आधी वन्संचेच नाव घातले होते. घरात दुसरे मोठे माणूस नाही. त्यांनी चष्मा लावला, पेन उघडले आणि मला अडवले.

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही. खात्यात असं चालत नसे."

त्यांनी पहिल्यापासून वाचले. न्यूमोनियापाशी "हं" म्हणाल्या. खोलीचे कलम ओळीवर बोट फिरवत वाचले. मग पान उलटून पुन्हा मागे आल्या.

"सायकल?"

"हो."

"माझ्या खिडकीत जावयाच्या विजारी?"

"तुम्ही आधी गेलात तर. मी थोडीच बघायला येणार?"

"आणि तू कधी जायचा विचार करतेयस?"

"नव्वदीपर्यंत तरी नाही, वन्सं."

त्यांनी हिशेब केला असावा, कारण ओठ हलले. तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला आणि त्यांनी बजावले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी तसे सांगितले. वन्संनी पेनचे टोपण लावले, खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघितले, आणि पदराआडून सोड्याचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"हाही लिही मग त्यात. कुणाला देतेस?"

म्हणून लिहिते. सोड्याचा डबा बेकरीवाल्याला द्यावा. त्याच्या बिस्किटांना तो लागतो. ही वस्तू माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच खाली पोचवावी.

"आणि तुझं ते गवत," त्या म्हणाल्या, "वाढ आता. लिंबू जरा जास्त पिळ."

साक्षीदारांत वन्संचे नाव मी खोडले आहे आणि खोडल्याजागी सही केली आहे. बाकीचा मजकूर वाचून बरोबर असल्याची खात्री केली. वाढायचे असल्यामुळे इथेच थांबते.

सही : मृत्युपत्र करणारी

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली, आणि आम्ही तिच्या व एकमेकांच्या समक्ष सही केली :
१. समोरचा शिंपी
२. निवृत्त कंपाउंडर, शेजारी (दोघांनाही जेवायला थांबवून घेतले आहे.)

ठिकाण : राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार